तुझ्या खुणेच्या सहा बश्या

लाँगटन,
रविवार, १७ ऑक्टोबर २००४

प्रिय नोरीन,

तू खुशाल असशील अशी आशा करते. आम्ही इथे बरे आहोत. म्हणजे आमच्या नवरोबाचा, लेनचा, खोकला होता तसाच आहे आणि मीही होते तशीच आहे. तुझी दोन पत्रं, नाताळचं कार्ड आणि समुद्रकिनाऱ्याच्या चित्राचं ते पोस्टकार्ड, सगळं पोचलं. उत्तर दिलं नाही. वेळ मिळाला नाही असं लिहिणार होते, पण तू हसशील. दीड वर्षात चार ओळी लिहायला फुरसत मिळू नये, अशी मी कोण महाराणी लागून गेले?

पत्राबरोबर एक खोकं येईल. ते आधी उघडू नकोस. आधी पत्र वाच, सगळं. तुला कादंबरीचं शेवटचं पान आधी वाचायची खोड आहे म्हणून सांगतेय.

गावच्या बातम्या अशा. बँकेने आपली शाखा बंद केली, तिथे आता मोबाइलचं दुकान आहे. ओटकेकच्या, म्हणजे आपल्या ओटच्या धिरड्यांच्या, दुकानासमोर शनिवारी रांग तेवढीच असते, फक्त रांगेतली माणसं म्हातारी झालीत. आपल्या चिनीमातीच्या कारखान्याची मागची बाजू पाडली. साचेवाल्यांची लांब खोली गेली, माती मळायची जागा गेली, आता तिथे मोटारी उभ्या करतात. लेन बघायला गेला होता. पंचवीस वर्षं ज्या दारातून भट्टीवर गेला ते दार कुठे होतं तेच त्याला सापडेना. घरी आला आणि मलाच ओरडला, जणू मीच ते लपवून ठेवलं होतं.

आपली रंगाची खोली अजून उभी आहे, पण कुलूप आहे. आपण शेहेचाळीस जणी होतो, नऊ जणींना ठेवलं, हे तुला माहीत आहेच. या मार्चमध्ये पुन्हा ‘पुनर्रचना’ झाली. हा शब्द मला आता पाठ झालाय. पुनर्रचना झाली की काहीही नव्याने रचलं जात नाही, फक्त खुर्च्या कमी होतात. नवातल्या पाच गेल्या, चार राहिलो. तिघी खास मागणीच्या फुलदाण्या रंगवतात आणि चौथी मी. मला कुठे बसवलंय ते ऐक. काचेच्या खोलीत. बाहेरून बस भरभरून पाहुणे येतात, तिकीट काढून कारखाना बघतात आणि शेवटी मला बघतात. माझ्यासमोर पाटी आहे: ‘पारंपरिक चितारीण’. माकडाच्या पिंजऱ्यावर निदान खायला घालू नका असं तरी लिहिलेलं असतं, मला लोक पेपरमिंट देतात.

परवा एक बाई काचेच्या फटीतून विचारते, “हे सगळं तुम्ही खरंच हाताने करता?”

मी म्हटलं, “नाही बाई, एरवी पायाने करते. आज मोजे धुवायला टाकलेत.”

तिने ते वहीत लिहून घेतलं.

आणखी एक गंमत सांगते. लेनच्या भाचीचं लग्न झालं ऑगस्टमध्ये, मोठ्या हॉटेलात. मुलाकडची माणसं बर्मिंगहॅमची. जेवायला बसलो मात्र, आमच्या बाजूचं अख्खं टेबल बश्या उलट्या करून तळ बघायला लागलं. समोरच्यांना वाटलं, आम्ही बशी नीट धुतलीय का ते तपासतोय. नवऱ्यामुलाची आई लालबुंद झाली. त्यात लेनचा भाऊ उशिरा आला, त्याच्या बशीत आधीच वाढलं होतं, आणि त्यानेही सवयीने ती उलटी केली. सगळा रस्सा त्याच्या नव्या पँटवर! बायको म्हणते, “अहो, बशीत जेवण होतं!” हा म्हणतो, “असू दे गं, पण माल कुणाचा ते तर कळलं.”

माल आपलाच होता, नोरीन. वर आपल्या कारखान्याचं नाव आणि खाली बारीक अक्षरात इंडोनेशिया. नक्षी आपल्याच रानगुलाबाची, पण छापून चिकटवलेली. आणि नावाच्या बाजूला, जिथे आपण आपली खूण काढायचो, तिथे काहीच नव्हतं. मला पुढे जेवण गेलं नाही. लोकांना वाटलं, मला कामाचं वाईट वाटलं. पण तो विषय नको.

लेन विचारतोय, किती पानं झाली. दोन, म्हटलं. “मुद्दा आला का?” म्हणतो. नाही, म्हटलं. तो म्हणतो, “मग मला आज चहा मिळायचा नाही.” उठून स्वतःच करतोय आता, कपाटं आपटत.

एल्सीबाई आठवतात ना? न आठवायला काय झालं, तू त्यांची लाडकी होतीस. एकसष्ट साली आपण दोघी पंधरा वर्षांच्या, एकाच सोमवारी त्यांच्या हाताखाली रुजू झालो. सहा महिने नुसत्या पाकळ्या काढायला लावल्या आणि मग एके दिवशी खूण दिली. तुला अर्धा चंद्र आणि खाली टिंब, मला दोन तिरक्या रेघा. त्या म्हणाल्या होत्या, “पोरींनो, लग्न करा, आडनावं बदला, नवरे बदला, मला काही देणंघेणं नाही. खूण बदलायची नाही. बशीवरचं काम चांगलं असो की वाईट, त्याची जबाबदार कोण, हे तळाशी लिहिलेलं असलं पाहिजे.” तू जोरात “हो बाई” म्हणालीस. मी हळू म्हणाले. त्यानंतर बेचाळीस वर्षं आपण एका खिडकीखाली, कोपराला कोपर लावून बसलो.

आता मुद्द्याचं.

गेल्या शनिवारी ओटकेकच्या रांगेत मला तुझी जिल भेटली. नवऱ्याच्या आईला बघायला आली होती. मी तिला बघून खांब शोधत होते मागे लपायला, पण तिने हाक मारलीच. “बेरिलमावशी!” म्हणून गळ्यात पडली. पोर अगदी तुझ्यासारखी आहे, माणसाला पळू देत नाही.

मी विचारलं, “आई कशी आहे?”

“बरी आहे. फिरते, भाजी लावते, मुलांना शाळेत सोडते.”

“आणि रंगवते की नाही काही?”

जिल म्हणाली, “मावशी, तुम्हाला माहीत नाही? आईने कुंचले देऊन टाकले. एल्सीबाईंनी दिलेला तो बारीकसुद्धा. आमच्या चर्चच्या हॉलमध्ये वर्ग घ्या म्हणून तिच्या मागे लागले होते लोक. ती म्हणाली, माझा हात गेलाय. डोळ्यांच्या डॉक्टरकडे दोनदा जाऊन आली. ते म्हणतात, डोळे ठीक आहेत. मग मेंदूच्या डॉक्टरकडे गेली. ते म्हणतात, काही नाही. तरी ऐकत नाही. ईस्टरला माझ्या धाकटीने अंडं आणलं रंगवायला, तर आई उठून आत निघून गेली. मी समजवायला गेले तर म्हणते, जिल, मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय. माझ्या खुणेच्या सहा बश्या होत्या आणि सहाही वाकड्या. हात गेलेला कळला नाही, इतकी मी गेले.”

माझ्या हातात गरम ओटकेकची पुडी होती. ती हातातून सुटली. जिल म्हणाली, “मावशी, तुमचा हात केवढा थरथरतोय!”

हो. थरथरतो. तुला हे नवीन नाही. दोन हजार एकच्या हिवाळ्यात सुरू झालं, आणि सगळ्यांत आधी कळलं ते तुला. तू काही बोलली नाहीस, फक्त माझा चहा अर्धाच कप भरून आणायला लागलीस. अर्ध्या कपाचं कारण मी विचारलं नाही आणि तूही सांगितलं नाहीस. मी बाकी कुणाला कळू दिलं नाही. पानं आणि पाकळ्या जमायच्या, पण देठ आणि कडेची रेष दगा द्यायची. दिवसाला दोन, कधी तीन बश्या वाया जायच्या. भट्टीतून आल्यावर तपासनीस त्या बाजूला काढायचे आणि खुणेप्रमाणे वहीत चढवायचे. माझ्या दोन रेघांपुढचा आकडा वाढायला लागला. तुझ्या अर्ध्या चंद्रापुढे महिन्याकाठी एखादी असायची, तीही भट्टीत तडकलेली.

नोरीन, त्या सहा बश्या तू रंगवलेल्या नव्हत्या. मी रंगवल्या होत्या.

लिहिलं एकदाचं. लेनला हाक मारून दाखवलं. तो म्हणाला, “हं. आता बाकीचं लिही.”

बाकीचं असं. देठ वाकडा गेला की बशी पालथी करायची आणि माझ्या खुणेऐवजी तुझी काढायची. बेचाळीस वर्षं शेजारी बसून बघितलेला अर्धा चंद्र होता तो, माझ्या हातून माझ्या खुणेपेक्षा सरळ यायचा. मग तू हात धुवायला गेलीस की ती बशी तुझ्या फळीवर सरकवायची. मनाशी म्हणायचे, नोरीनच्या नावावर महिन्याला चार गेल्या तर कुणाचं काय बिघडतंय? तिची वही कोरीच असते. सावकाराच्या घरातून मूठभर दाणे उचलावेत तसं वाटायचं मला, तुझं काही कमी होणार नाही असं. तेव्हा कपातीचं कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. हे मी सवलत मागायला लिहीत नाही, घडलं तसं लिहितेय.

दोन हजार तीनच्या फेब्रुवारीत सगळ्यांना उपाहारगृहात बोलावलं आणि हॅरप साहेबांनी कागद वाचून दाखवला. शेहेचाळीसातल्या सदतीस जाणार. कोण, ते कामाच्या गुणांवरून ठरणार आणि गुण गेल्या वर्षाच्या आणि पुढच्या तीन आठवड्यांच्या वहीवरून. त्या दिवसापासून मी थांबले.

नाही. थांबले नाही. हे पत्र मी तिसऱ्यांदा लिहितेय, आणि दोन्ही वेळा इथे ‘थांबले’ असंच लिहिलं होतं. थांबायला हवं होतं, तेव्हाच मी जास्त केलं. अजून तीन आठवडे मोजायचे होते ना. लेनची छाती, घराचं भाडं, मला दुसरं काही येत नाही, ही सगळी कारणं खरी होती. पण ती तुझीही होतीच. तू विधवा, भाडं तुलाही होतं आणि तुलाही दुसरं काही येत नव्हतं. त्या तीन आठवड्यांत मला काय होतंय ते पक्कं माहीत होतं.

मग मला हॅरप साहेबांनी आत बोलावलं. टेबलावर सहा बश्या मांडलेल्या. बाजूला कार्यालयातली ती नवी मुलगी लिहून घेत होती. ते म्हणाले, “बेरिल, हे जरा नाजूक आहे. आकडे आमचेच आम्हाला पटत नाहीत. नोरीन म्हणजे आमची पहिल्या नंबरची चितारीण. तुम्ही आयुष्यभर तिच्या शेजारी बसलात. हे तिचं काम आहे?”

समोर माझे देठ होते. कुणी आपल्या पोरांना ओळखणार नाही का? साहेबांनी मला दार उघडून दिलं होतं, नोरीन. त्यांना स्वतःलाच ते खरं वाटत नव्हतं. मी एवढंच म्हणायचं होतं, ‘नाही, हे तिचं नाही.’ कुणाचं ते सांगायचीही गरज नव्हती.

मी म्हणाले, “हल्ली असंच येतंय तिचं.”

त्या मुलीने लिहून घेतलं. चार शब्द, लिहायला तिला काहीच वेळ लागला नाही.

दुपारी तुला बोलावलं. तू बाहेर आलीस, खिडकीखाली बसलीस आणि मला विचारलंस, “बेरिल, माझ्या हाताला काय झालंय गं?” तुला माझा हात माहीत होता. अर्धा कप चहा रोज तूच आणत होतीस. तरी तुझ्या मनात माझा संशय आला नाही. आला तो स्वतःचाच. आणि मी तुझ्या पाठीवरून हात फिरवत म्हणाले, “वय होतं गं सगळ्यांचंच.”

माझ्या सगळ्या करणीत मला हे वाक्य सहन होत नाही. बशी सरकवली ती चोरी. साहेबांपुढे बोलले ते खोटं. पण हे तुझ्या पाठीवर हात ठेवून बोलले.

तू तक्रार केली नाहीस, युनियनकडे गेली नाहीस, घर आवरून जिलकडे गेलीस आणि तिथून मलाच पत्र लिहिलंस: ‘तुला ठेवलं हे ऐकून बरं वाटलं, निदान आपल्या बाकावरची एक तरी राहिली.’ ते पत्र मी पुरतं वाचलेलं नाही. त्या ओळीपाशी घडी घातली आणि कपाटात ठेवलं.

जिल भेटली त्या शनिवारी घरी येऊन लेनला सगळं सांगितलं. मला वाटलं, ओरडेल. त्याने बराच वेळ खोकून घेतलं आणि म्हणाला, “नोकरीचं तिला काही देता येणार नाही आता. पण हात तिचा आहे, तो तर परत कर.”

मंगळवारी मी हॅरप साहेबांकडे गेले. उभ्यानेच सगळं सांगितलं. ते खुर्चीत मागे टेकले, मग पुढे झाले, मग पुन्हा मागे टेकले.

“बेरिल, आता त्याचा काय उपयोग? खोलीच बंद झाली. ती नऊ जणींत राहिली असती, तरी या मार्चमध्ये कदाचित गेलीच असती.”

“मी खोली मागत नाही, साहेब. तिचं काम खालावलं असं तुम्ही कागदावर लिहिलंत. खालावलं नव्हतं, असं लिहून द्या.”

“ते वकिलांना विचारावं लागेल. आणि वकील नको म्हणतील.”

“मग मला बडतर्फ करा.”

“तेही वकिलांना विचारावं लागेल,” म्हणाले बिचारे. माणूस वाईट नाही. मग उठून त्यांनी कपाट उघडलं. त्या सहातल्या दोन बश्या अजून तिथे होत्या, फायलींमागे. एक माझ्यापुढे ठेवून म्हणाले, “कागद मिळणार नाही. ही न्यायची तर न्या, मी बघितलं नाही.”

शुक्रवारी क्लबमध्ये आपल्या जुन्या मंडळींचा चहा असतो, पहिल्या कपातीतल्या पंधरा-सोळा जणी तरी येतात. तिथे उभी राहिले आणि सगळं सांगितलं. तुझ्या कामाबद्दल जे जे कुजबुजलं गेलं होतं ते याच टेबलांवर, म्हणून ते याच टेबलांवर पुसायला हवं होतं. मधेच पाणी मागितलं, ते कुणी दिलं नाही. माझं झाल्यावर पॉलिन उठली. तिचा आवाज तुला माहीतच आहे.

“बेचाळीस वर्षं तिच्या डब्यातलं खाल्लंस गं तू!”

“खाल्लं,” म्हटलं.

“आणि तिच्या निरोपाच्या दिवशी रडलीस! मी तुला रुमाल दिला होता!”

“दिला होतास.”

“तो धुऊन परत आणून दे,” म्हणाली आणि खुर्ची फिरवून पाठ करून बसली. बाकीच्यांनीही बोलणं टाकलंय. काल रस्त्यात दिसले तर दोघी समोरच्या फुटपाथवर गेल्या. मला त्याचं काही नाही. म्हणजे आहे, खूप आहे, पण ते तुला सांगायचं गाऱ्हाणं नाही. तुझं नाव मात्र त्या खोलीत साफ झालं, एवढं मी डोळ्यांनी बघून आले. जाताना पॉलिन दुसरीला म्हणत होती, “मी तेव्हाच म्हटलं होतं, नोरीनचा हात जाणं शक्य नाही.” तेव्हा ती असं काही म्हणाली नव्हती, पण म्हणू दे.

काचेच्या खोलीचा मी राजीनामा दिलाय. महिनाअखेरीस सुटेन. ती खुर्ची तुला विचारणार आहेत, साहेबांकडून तेवढं कबूल करून घेतलंय. घे असं मी म्हणणार नाही. पाटीखाली बसून पेपरमिंट घेणं तुला शोभायचं नाही, आणि रोज एवढ्या लांबून, जिलच्या कोल्विन बेहून, येणार कशी? पण विचारलं जाणं तुझा हक्क आहे. नाही म्हणायचं तर ते तू म्हण, तुझ्या तोंडाने, आणि जरा ताठ्यात म्हण.

आता खोकं उघड. आत लेनच्या जुन्या बनियनमध्ये बशी गुंडाळलीय, बनियन धुतलेलं आहे. बशी उजेडाला धर आणि देठ बघ. एल्सीबाई आपल्याला ओरडून थकल्या, आठवतं? मी देठ फुलाकडून खाली ओढायचे आणि तू खालून फुलाकडे न्यायचीस. कुंचला जिथे उचलतो तिथे रंग साचतो. तुझ्या देठाचा रंग नेहमी फुलाच्या गळ्याशी साचलेला असायचा. या बशीत बघ कुठे साचलाय. तळाशी. सहाही बश्यांत देठाच्या खालच्या टोकाशीच होता. तू त्या दिवशी खूण बघितलीस आणि पुढचं काही तुला दिसलं नाही. खुणेवर तुझा एवढा विश्वास, की तिच्यासाठी तू स्वतःच्या हाताला खोटं ठरवलंस. मला कधी तसं जमलं नसतं.

क्षमा कर असं या पत्रात लिहिलेलं नाही, ते विसरून राहिलेलं नाही. मागितली तर तू देशील, तुझा स्वभावच तसा. आणि मग मला बरं वाटेल. ते इतक्यात नको.

एकच मागते. कुंचला विकत घे, नाही तर धाकटीचा शाळेचा घे, कसलाही चालेल. सकाळच्या उजेडात खिडकीपाशी बस. घरातली कुठलीही पांढरी बशी घे आणि कडेने एक रेष ओढ, पहिल्या टोकाला भिडेपर्यंत, मधे न उचलता.

कशी आली ते मला कळवू नकोस. मला ठाऊक आहे.

तुझ्या शेजारी बसायला मिळालं, आणि ते जिला पेललं नाही,

ती
बेरिल